कोऱ्या रकान्याला शून्य म्हणणार नाही

प्रिय शालू,

आज तुझी शोकसभा झाली आणि मी तिथे भांडले. भर सभेत, तुझ्या फोटोचा हार अजून ओला असताना! लोक म्हणतात, मंदाताईंना जागेचं भान राहिलं नाही. भान होतं मला. तू असतीस तर तूच भांडली असतीस, माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात. तू नव्हतीस म्हणून मला उभं राहावं लागलं.

घरी आले तर आईने ताट वाढून ठेवलं होतं. ते झाकलं, कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलं आणि तुला लिहायला बसले. दुसऱ्या कोणाला लिहू? अख्ख्या नागपुरात आपल्या त्या संगणकाच्या भाषेवरून माझ्याशी तासभर वाद घालू शकेल असं एकच माणूस होतं.

झालं असं, की आपल्या संगणक विभागाचे प्रमुख पाठक साहेब बोलायला उभे राहिले. आधी तुझी हुशारी सांगितली, मग तुझा कडक स्वभाव. आणि मग म्हणाले, "शालिनीबाईंनी तयार केलेली 'पारख' ही भाषा आता आपण नव्या लहान संगणकांवर आणणार आहोत. त्यांच्या स्मृतीसाठी ती सर्वांना वापरता येईल अशी सोपी करू. त्यातली अडवणूक काढून टाकू. रकाना कोरा दिसला तर यंत्र आपलं शून्य धरून पुढे जाईल."

शून्य धरून! तुझ्या फोटोसमोर!

मी काय बोलले ते सांगतेच. पण आधी मला सगळं पहिल्यापासून आठवून घेऊ दे. तू गेल्यापासून लोक मला तुझी एक नवीच गोष्ट सांगताहेत. त्या गोष्टीत तू शांत आहेस, समजूतदार आहेस, कोणाला दुखवत नाहीस. ती बाई कोण आहे गं? मी तर तिला ओळखत नाही.

आपण भेटलो त्या संगणकाच्या वर्गात पोरी दोनच होत्या, तू आणि मी. तेव्हा इथे संगणक म्हटलं की लोकांना भविष्य सांगणारं यंत्र वाटायचं. कार्डांना भोकं पाडून प्रोग्रॅम लिहायचा आणि कार्डांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यायचा. सरांनी फॉरट्रान शिकवायला घेतली आणि सांगितलं, आकड्याला दिलेलं नाव आय ते एन यांपैकी एखाद्या अक्षराने सुरू होत असेल तर यंत्र तो आकडा पूर्णांक धरतं, बाकीच्या अक्षरांना दशांश.

तू हात वर केलास. "सर, आत काय आहे ते न पाहता, नावाचं पहिलं अक्षर पाहूनच ठरवते का हे?"

"हो. सोय आहे ती," सर म्हणाले. "प्रत्येक वेळी वेगळं सांगायला नको."

तू खाली बसलीस आणि माझ्याकडे झुकून म्हणालीस, "आमच्या इंदोऱ्याच्या वस्तीतल्या पोरायचं आडनाव ऐकून पण लोकं असंच ठरवून घेते. त्यायची बी सोयच होते." मला हसावं की नाही ते कळेना. तूच हसलीस. मग विचारलंस, "नाव काय वं तुहं?"

"मंदा."

"एम. म्हणजे तू पूर्णांक. मी एस, दशांशवाली. तुह्यात अन् माह्यात एवढाच फरक."

त्या संध्याकाळी घरी मी तुझ्याबद्दल उत्साहाने सांगत होते, तर आईने पहिला प्रश्न विचारला, "आडनाव काय तिचं?" मी म्हटलं, "नावाचं पहिलं अक्षर एस आहे, बाकी मला माहीत नाही." आई दोन दिवस बोलली नाही. पुढे तीच आई तुझ्यासाठी वेगळी तिखट, कोथिंबीर भरलेली सांबारवडी करून ठेवायला लागली, पण ते पुढे.

एका सरावात आपल्याला रक्तातल्या लोहाची सरासरी काढायची होती. तू आकड्याला 'लोहा' असंच नाव दिलंस, इंग्रजी एल ने सुरू होणारं. नऊ पूर्णांक आठ दशांश आत गेलं आणि नुसतं नऊ बाहेर आलं. तू तो कागद हातात धरून उभी राहिलीस.

"पॉइंट आठ कुठं गेलं वं?"

"यंत्रानं खाल्लं."

"न सांगता?"

"न सांगता."

"मग मले हे यंत्र नाही पाहिजे. चुकलं तर चुकलं म्हणून बोंबलणारं पाहिजे," तू म्हणालीस. मी तेव्हाच तुला म्हटलं होतं, की असं ऊठसूट बोंबलणाऱ्या यंत्राबरोबर कोणी नांदणार नाही. आपला वाद तिथे सुरू झाला, शालू. आणि खरं सांगते, तो अजून संपलेला नाही. तू गेलीस म्हणून मी हरले असं समजू नकोस!

मग दोघींना एकाच संस्थेत नोकरी लागली. आरोग्याच्या सर्वेक्षणाचं काम आपल्या विभागाकडे आलं. सिकलसेलचं. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, हाडं ठणकतात, पोरं वाढत नाहीत, तो आजार. तुझा धाकटा भाऊ अशोक हाडं दुखतात म्हणून रडत रडत गेला होता. घरच्यांनी वात समजून तेल चोळलं होतं. आजाराचं नाव तुम्हाला फार नंतर कळलं. म्हणून तू ते काम मागून घेतलंस.

आजार सापडला तर एक, नाही सापडला तर शून्य, असं कार्डावर पाडायचं. गावागावांची कार्डं यायची, फॉरट्रानचा प्रोग्रॅम बेरजा करायचा. पहिला अहवाल छापून बाहेर आला तेव्हा यंत्राच्या खोलीत सगळे खूश होते. तू मात्र एका ओळीवर बोट ठेवून थांबलीस. भिवापूरच्या पलीकडचं तुझ्या मावशीचं गाव. रुग्ण शून्य.

"शून्य कसं? मावशीचा नातू तर धड उभा नाही राहू शकत."

पाठक साहेब म्हणाले, "एखादा निसटला असेल." तू तो कागद घडी घालून ठेवलास. पण रविवारी सकाळी एसटी स्टँडवर मला उभं केलंस.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि बसमधले सगळे खोकत होते. मी पदर नाकाला लावला तर तू माझ्या वस्तीवरून चिडवलंस, "सक्करदऱ्याची राणी! तळ्याची हवा खाल्लेली." आणि तूच शिंकायला लागलीस!

मावशीच्या अंगणात तिचा नातू, राजू, खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. तू विचारलंस, "मावशी, सर्वेवाले आले नव्हते का?"

"आले होते ना पोरी. जीप आली, शाळेत बसली, च्या पेली. मंग म्हने उद्या येतो. कोनीच नाई आलं."

त्या गावच्या नर्सबाईंकडे गेलो. त्या बिचाऱ्या घाबरल्या. "ताई, तपासणीचं औषधच संपलं होतं. रक्त घेतलंच नाही कोणाचं. म्हणून मी आजाराचा रकाना कोरा सोडला. न तपासता काय लिहू?"

तू त्यांना नमस्कार केलास. बरोबर केलंत, असं म्हणालीस. आणि परतीच्या बसमध्ये तिकिटाच्या मागे पेन्सिलीने शून्यं काढत बसलीस.

मग म्हणालीस, "मंदे, कोणीच खोटं नाही बोललं. नर्सनं कोरं सोडलं. कार्डवालीनं कोरं पाडलं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं बेरीज बरोबर केली. अन् यंत्रानं कोऱ्याले शून्य वाचलं, कारण त्या भाषेत कोरं म्हणजे शून्यच. गावभर पोरं तळमळून राहिली, अन् आपण छापलं, सगळे निरोगी."

"मग प्रोग्रॅममध्ये एक तपासणी घालू," मी म्हटलं.

"एका प्रोग्रॅमात घालशील. पुढचा प्रोग्रॅमवाला विसरीन. भाषाच अशी पाहिजे, का विसरताच नाही आलं पाहिजे."

'पारख' त्या बसमध्ये जन्माला आली. नंतर लोक म्हणाले, दोन पोरींना मोठं नाव कमवायचं होतं. सांगू दे त्यांना. अंगणातल्या खाटेवरच्या त्या पोराबद्दल त्यांना काय ठाऊक?

शालू, त्या दिवसांइतका आनंद मला पुन्हा झाला नाही. काम आटोपलं की आपण बर्डीच्या बाजारात यायचो, तर्री पोह्यांच्या गाडीपाशी उभ्या राहायचो आणि भांडायचो. पोहेवाल्या काकांना वाटायचं, आपण भाऊबंदकीवर बोलतोय. एकदा ते मध्ये पडले, "जाऊ द्या ना ताई, घरातलं घरात मिटवा!"

तुझं म्हणणं सरळ होतं. प्रत्येक आकडा काय आहे ते आधी सांगायचं. वजन आहे, वय आहे, की हो-नाही आहे. वजनात वय मिळवायला गेलं तर भाषेने तिथेच थांबवायचं. आणि जे मोजलं गेलं नसण्याची शक्यता आहे, ते 'माहीत नाही' असू शकतं हे लिहायचं, आणि तसं असलं तर काय करायचं तेही लिहायचं. ते लिहिल्याशिवाय प्रोग्रॅम चालूच द्यायचा नाही.

माझं म्हणणं होतं, थोडी तरी ढील दे. माणसं घाईत असतात. पूर्णांकाची दशांशाशी बेरीज केली तर काय बिघडतं? दोनाचे दोन पूर्णांक शून्य झाले तर काही हरवत नाही ना!

"नाही हरवत," तू तर्रीचा रस्सा ओढत म्हणालीस. "पण उलटं केलं तर पॉइंट आठ हरवते."

"मग उलटं अडव. सरळ जाऊ दे."

तू कितीतरी दिवस मानलं नाहीस. शेवटी मानलंस, तेही असं, की जणू तुलाच सुचलं होतं! ते मी जिंकले होते, शालू. आज लिहून ठेवते.

आणि एक भांडण राहिलंच. तू म्हणायचीस, सगळी पारख प्रोग्रॅम चालण्याआधी झाली पाहिजे, एकही शंका उरली तर यंत्राने हलायचं नाही. मी म्हणायचे, अर्धा प्रोग्रॅम तयार असेल तर तेवढा चालवून पाहू दे की, अडेल तिथे अडेल. माणूस चालून पाहतो तेव्हाच त्याला कळतं. तू म्हणायचीस, "स्वयंपाक अर्धा झाल्यावर खडा दाताखाली येऊन कळलं, तर त्याले शिकणं म्हणत नाही." मला अजूनही वाटतं, माझं बरोबर आहे.

आपल्या छापणाऱ्या यंत्राला देवनागरी येत नव्हती, म्हणून तू रोमन अक्षरांत मराठी छापायला लावलंस. कोणी कोऱ्याचा विचार न करता प्रोग्रॅम दिला की कागदावर यायचं, "हे मोजलेलं नसेल तर मी काय समजू?" यंत्राच्या खोलीतली मंडळी वैतागायची. पारखेला त्यांनी नाव ठेवलं होतं, सासूबाई. कार्डं परत आली की एकमेकांना विचारायचे, "काय म्हणून राहिली सासू?" तू ते ऐकलंस तेव्हा इतकी हसलीस, की तुला खुर्ची धरावी लागली.

त्या खोलीत तू शाल पांघरून बसायचीस. बाहेर मे महिन्याचा वणवा आणि आत यंत्रासाठी केलेली बर्फासारखी थंडी. बाकीचे मुद्दाम कामं काढून त्या खोलीत येऊन बसायचे. तू गुडघे चोळत बसायचीस. मी विचारलं की म्हणायचीस, "थंडी बाधते, बाकी काही नाही." काहून वं? काहून सांगितलं नाहीस? तुला आधीच संशय होता ना? सगळ्या जगाला 'माहीत नाही' हे मोठ्याने म्हणायला लावणारी तू, स्वतःच्या हाडांबद्दल मात्र गप्प!

मग ती बैठक. मुंबईहून एक अधिकारी आले होते. त्यांना अहवाल हातात घेऊनच परत जायचं होतं. पारखेने अर्ध्याहून जास्त गावांवर बोट ठेवलं होतं, की ही मोजलेली नाहीत. पाठक साहेब घामाघूम झाले होते. ते वाईट माणूस नाहीत, हे मी आजही म्हणते. पण त्यांना वरच्याला नाही म्हणता येत नाही.

"एवढ्या वेळेपुरती ती तपासणी बंद करा, शालिनीबाई," ते म्हणाले. "फक्त या अहवालापुरती."

"बंद करायची सोयच ठेवली नाही, साहेब."

मग ते अधिकारी हसून बोलले. त्यांचं बोलणं मला अजून चावतं. "गंमत आहे. तुम्ही लोक तर जात मोडायला निघालात ना? आणि इथे तुम्हीच प्रत्येक आकड्याला जात चिकटवत बसलात. जरा मोकळं राहू द्या की!"

खोलीत सगळे खाली पाहू लागले. मी तुझा हात धरला. तू तो सोडवून घेतलास आणि उभी राहिलीस. धम्मदीक्षेच्या दिवशी आईच्या कडेवरून मैदानावर गेलेली पोर तू. तुला काय कोणी गप्प बसवणार?

"साहेब," तू म्हणालीस, "माझ्या बापाला जात कोणी विचारून दिली नव्हती. तो काय काम करू शकतो, काय शिकू शकतो, हे न पाहताच ती ठरवून टाकली होती. मी आकड्याला विचारते, बाबा तू काय मोजून आलास? तो सांगतो तेवढंच लिहिते. न पाहता ठरवणं तुमच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये आहे. ज्याचं रक्त कोणी घेतलंच नाही, त्याला तुम्ही निरोगी म्हणता. याला मोकळेपणा नाही म्हणत."

अधिकारी चष्मा पुसत बसले. दुसऱ्या दिवशी तुला सर्वेक्षणावरून काढून पगाराच्या कामावर बसवलं. मला बोलावून सांगितलं, जुना प्रोग्रॅम चालवून अहवाल काढा.

मी नाही म्हटलं. मला धीर आला कुठून, ते मला आजवर कळलेलं नाही. "साहेब, मला तो प्रोग्रॅम चालवता येत नाही," असं तोंडावर सांगितलं. ज्या पोरीने तो वर्षभर चालवला होता तिने! साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि चहा मागवला.

आपल्याला वाचवलं सर्वेक्षणाच्या डॉक्टरबाईंनी. त्या पाठक साहेबांच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "सही माझी जाणार आहे. 'माहीत नाही' लिहायला मला लाज वाटत नाही. खोटं शून्य लिहायची वाटते." पारखेवर काढलेला अहवाल गेला. त्यात गावांमागून गावं होती, आणि त्यांच्यासमोर छापलं होतं, तपासलं नाही. वरून खूप बोलणी आली. पण ते छापल्यावर परत गावोगाव जाण्यावाचून कोणाला गत्यंतर उरलं नाही.

तपासणीची गाडी पुन्हा मावशीच्या गावी गेली तेव्हा तू रजा काढून आलीस. सुईला पाहून पोरं रडायला लागली. तू बाही वर केलीस. "हे पाहा पोट्टेहो, आधी माहं घेते रक्त. मी रडली तर तुम्ही रडा." तू रडली नाहीस. पोरं रांगेत आली. गावात घरोघर आजार निघाला. राजूलाही निघाला. त्याला रोजच्या गोळ्या सुरू झाल्या, थंडीत सांभाळा, पाणी भरपूर पाजा, हे मावशीला कळलं. तो काही पूर्ण बरा होणार नाही. पण आता तो शाळेत जातो, आणि हाडं दुखली की त्याला कोणी सोंग करतोस असं म्हणत नाही.

आणि तुझंही रक्त वाकडं निघालं. डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा मी त्यांच्या हातातून कागद घेऊन पुन्हा वाचला. तू म्हणालीस, "चला, माहीत झालं." एवढंच. आणि सोमवारी पुन्हा त्या थंड खोलीत जाऊन बसलीस! किती सांगितलं मी, की बाहेरच्या खोलीत बस, कार्डं मी आत देते. ऐकलंस? पारख चालत असताना यंत्राजवळ कोणीतरी पाहिजे म्हणे. तुझ्यावर माझा राग आहे, शालू. तो मी सोडणार नाही. मेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. धरणार.

त्यानंतरची वर्षं आपण छान काढली. तुला पुन्हा सर्वेक्षणावर घेतलं, कारण सासूबाईंची समजूत काढणं दुसऱ्या कोणाला जमेना. तुझ्या कळा येत आणि जात. आईच्या सांबारवडीला तू नावं ठेवायचीस आणि चार खायचीस. मग हा मे आला.

दवाखान्यात तुझे ओठ सुकले होते. मी चमच्याने पाणी पाजत होते. छातीत कफ भरला होता, श्वास अर्धा अर्धा होता, आणि तू मला विचारलंस, "मंदे, ते अर्धवट प्रोग्रॅम चालवायचं खूळ काढलं का नाही डोक्यातून?"

"नाही काढलं."

"मग मी मरत नाही अजून."

मला वाटलं, आता ही उठणार. खरंच वाटलं! हसत घरी आले. आईला म्हटलं, भांडायला लागली म्हणजे बरी आहे. आणि सकाळी तुझ्या बाबांनी शेजारच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला.

तुझ्या घरी बुद्धवंदना झाली तेव्हा मी बसून होते. तुझे बाबा, आयुष्यभर गिरणीत काम केलेले, मला म्हणाले, "बेटा, ते तुमचं काम काय होतं, मले कधी समजलं नाही. पण तिच्यासाठी ते सोडू नको." मी मान हलवली. तोंडातून शब्द निघाला नाही.

आज मात्र निघाला. पाठक साहेबांचं 'शून्य धरून' ऐकलं आणि मी उभी राहिले.

"साहेब, कोऱ्याला शून्य धरणार असाल तर त्या भाषेला पारख म्हणू नका. आणि तिचं नावही लावू नका."

"मंदाताई, बसा. ही वेळ नाही. आणि हे इतकं वैयक्तिक घेऊ नका."

"वैयक्तिकच आहे साहेब. ती ज्या आजाराने गेली, तो आजार आपल्याच विभागात छापलेल्या अहवालात तिच्या मावशीच्या गावात नव्हता. शून्य होता. तुम्ही, मी, आपण सगळे त्या दिवशी पेढे खात होतो."

कोणीतरी मागून म्हणालं, "नव्या यंत्रांवर लोकांना सोपं हवंय. जमाना बदलला."

"सोपं करू या ना!" मी म्हटलं. "सोपं करण्यावरून मी तिच्याशी दहा वर्षं भांडले आहे. यंत्राचे निरोप नीट लिहू, अर्धा प्रोग्रॅम चालवू देऊ, लोकांना शिकवू. पण न मोजलेल्या पोराला मोजलं म्हणायला ती भाषा मी शिकवणार नाही. माझी बदली करायची तर करा."

पाठक साहेबांनी तुझ्या फोटोचा हार सरळ केला. मग म्हणाले, "पुढच्या आठवड्यात बोलू." मला त्यांचं 'पुढच्या आठवड्यात' चांगलं ठाऊक आहे. ते मला जबलपूरला पाठवायचं पाहतील, किंवा पगाराच्या कामावर बसवतील. बसवू देत. राजीनामा मी देणार नाही, कारण त्याने सगळ्यांचीच सोय होईल. डॉक्टरबाई बाहेर पायऱ्यांवर भेटल्या. त्यांनी फक्त विचारलं, "नव्या यंत्रावर आणायला तुला किती दिवस लागतील?" मी म्हटलं, लागतील तेवढे.

सुरुवात केली आहे, शालू. तुझी पारख नव्या यंत्रावर जशीच्या तशी आणायची नाही, हे तुला आताच सांगून ठेवते. पूर्णांक आणि दशांश सरळ दिशेने मिसळतील. अर्धा प्रोग्रॅम चालेल. तुला आवडणार नाही. पण 'माहीत नाही' ला कोणी गिळू शकणार नाही, आणि त्याला बंद करायची कळ मी कुठेही ठेवणार नाही. हे माझं तुला वचन.

आणखी एक. विभागात यंदा नव्या पोरी आल्या आहेत, तिघी. सगळ्याजणी वर्गात शेवटच्या बाकावर बसून कुजबुजतात. त्यांना मी पारख शिकवणार आहे. त्यांच्यातली एखादी उठून म्हणाली, की बाई, ही तुमची शालिनीताई चुकली होती, तर मी तिला समोर बसवून तिचं पूर्ण ऐकून घेईन. तू ऐकायचीस का कोणाचं पूर्ण? नाही ऐकायचीस. मी ऐकेन. मग तिला बर्डीवर नेईन, पोहे खाऊ घालीन, आणि तिच्याशी भांडीन.

तुझ्याशी अजून न पटलेली, आणि तुझ्या बाजूने उभी असलेली,
मंदा